मैनेचा मागचा डावा पाय

मी घोड्यांची डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. गोरेगावच्या बसथांब्यामागे माझा जनावरांचा छोटा दवाखाना आहे. तिथे म्हशी येतात, बैल येतात, शेळ्या येतात, आणि हल्ली दोन-चार लाडावलेली कुत्री. घोडं वर्षा-दोन वर्षांतून एखादं. त्यामुळे जुलैत बोरवाडीच्या उकंडरावांचा फोन आला, "डॉक्टरीणबाई, आमच्या मैनेचा पाय फाटला, लवकर या," तेव्हा मैना म्हणजे गाय असणार असं धरून मी स्कूटर काढली. गोठ्यात पोचल्यावर घोडी दिसली. बरोबरचं सामान बैलाच्या जखमेचं होतं, त्यानं एवढं बिघडलं नसतं. पण माझ्या डोक्यातही बैलाचीच जखम होती, आणि पुढचे पाच महिने मला जे भोगावं लागलं ते त्यामुळे.

मैना तांबूस अंगाची, काळ्या पायांची, पंधरा वर्षांची घोडी. आमच्याकडे नवरदेव लग्न लागायच्या आधी मारुतीच्या दर्शनाला घोड्यावरून निघतो, त्याला परण्या म्हणतात. इतर गावांत परण्यासाठी घोडं भाड्यानं आणतात. बोरवाडीत मैना होती. गेल्या दहा-अकरा वर्षांत गावातला एकही नवरदेव दुसऱ्या घोड्यावर बसलेला नव्हता. उकंडराव त्याबद्दल टॉवेल-टोपी आणि नारळ एवढंच घ्यायचे. सत्तरीचा हा माणूस लगाम हातात धरून पुढे चालायचा, आणि बँडवाला घोडीच्या कानाजवळ आला की नवरदेवाच्या बापासमोर त्याची खरडपट्टी काढायचा. घोडी बुजायला नको, नवरदेव बुजला तर बुजू दे, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी मैनेच्या मागच्या डाव्या पायाच्या नळीवरचं, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडावरचं, वीतभर कातडं सोलून लोंबत होतं. आतलं हाड पांढरं दिसत होतं.

"कशानं झालं?"

"तारंत गुतली," उकंडराव म्हणाले. "रोही पिकात शिरत्यात म्हून वावराला तार लावली ना औंदा. म्या पेरणीच्या वक्तीच सांगतलं व्हतं..."

"ऱ्हाऊ द्या आता," त्यांची बायको पार्वतीबाई मधेच म्हणाली. तिनं असं म्हणत दाराकडे पाहिलं. दारात त्यांचा मुलगा बालाजी उभा होता. शेती तोच पाहायचा, तार त्यानंच लावली होती. मी त्याला म्हटलं, "दादा, जरा शेपूट धरा," तर तो ऐकलं न ऐकलंसं करून वावराकडे निघून गेला. मला राग आला. मला राग यायला फार वेळ लागत नाही.

मी मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, मेलेलं कातडं कापलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पाच दिवसांची औषधं दिली, वरून जांभळा फवारा मारला. आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "पट्टी नको. वारं लागू द्या. महिनाभरात भरून येईल." बैलाची भरली असती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी उकंडरावांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "भरली बाई जखम! भरून वर आली! उद्या पोळ्याचं जेवायलाच या, आन् मैनेला बी बघून जा."

मी गेले. गोठ्यात बैलांची शिंगं रंगवून झाली होती, आणि उकंडरावांनी मैनेच्या गळ्यातही हौसेनं एक गोंडा बांधला होता. मी खाली वाकून पाहिलं. जखमेतून लाल, ओलं, दाणेदार मांस वर आलं होतं, आजूबाजूच्या कातडीपेक्षा दोन बोटं उंच, अर्धी फुलकोबी पायाला चिकटवावी तसं. कातडीची कड मात्र जुलैत होती तिथेच. उलट ती जाड आणि पांढरी पडली होती. माश्या घोंगावत होत्या.

"कसं भरलंय, नाही का?" उकंडराव म्हणाले.

मी गोठ्याबाहेर आले आणि परभणीला आम्हाला शल्यचिकित्सा शिकवलेल्या विष्णुपंत सरांना फोन लावला. सर आता निवृत्त आहेत, ऐकू थोडं कमी येतं, पण फटकारायची ताकद शाबूत आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उघडी ठेवायला कुणी सांगितलं?"

"मी, सर."

"साधना, घोड्याच्या पायाच्या तासाला तू कुठे होतीस?"

"त्या दिवशी गॅदरिंगची प्रॅक्टिस होती, सर."

 मग सरांनी माझा तो तास फोनवर घेतला. घोड्याच्या पायाला तिथे खाली मांस नसतं, नुसतं हाड, शिरा आणि कातडी. रक्त कमी पोचतं, हालचाल सतत, जमीन जवळ, घाण जवळ. अशी जखम बैलासारखी मुकाट्यानं भरत नाही. खालचं मांस माजतं, आणि एकदा माजलं की कातडीला पुढे सरकता येत नाही. "कातडी सपाटीवर चालते, टेकडी चढत नाही," सर म्हणाले. "टेकडी कापून सपाट कर. पाय हलू देऊ नकोस. पट्टी बांध, आणि बांधलेली ठेव. कदाचित कातडी लावावी लागेल. महिने लागतील. तुझ्याच्यानं होईल?"

"होईल," मी म्हणाले. होईल की नाही ते मला माहीत नव्हतं. पण नाही म्हणायची सोय मी स्वतःच घालवली होती.

आत येऊन मी उकंडरावांना सांगितलं की हे भरलेलं नाही, हे माजलंय, आणि चूक माझी आहे. चूक माझी आहे हे वाक्य मला फारसं सरावाचं नाही, दोनदा अडखळले. म्हाताऱ्यानं समोरचं पुरणपोळीचं ताट बाजूला सारलं.

बालाजी ओसरीवर जेवत होता. तो मान वर न करता बोलला, "कशाला त्या मुक्या जीवाचे हाल करून राहिले? दीड महिना झाला, पाय टेकत न्हाई नीट. माळेगावच्या जत्रेत नेऊन सोडू तिला. दुसरी आणू."

माळेगावची जत्रा मार्गशीर्षात भरते, लांबलांबून घोडी येतात. पण लंगडी, उघड्या जखमेची घोडी तिथून कुणाच्या हाती जाईल आणि पुढे तिचं काय होईल, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. पार्वतीबाईच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

उकंडराव हळूच म्हणाले, "जत्रेपर्यंत वखत दे बालाजी. तवर न्हाई भरली, तर म्या सोताच्या हातानं टेम्पोत चढवीन. जबान देतो."

बोरवाडीत उकंडरावांची जबान म्हणजे स्टँप पेपर. मी मनात हिशेब केला: चार महिनेसुद्धा नव्हते.

गणपतीत मी पहिल्यांदा कापलं. गुंगीचं इंजेक्शन दिलं, पाय बधिर केला, आणि सरळ पात्यानं ती फुलकोबी कातडीच्या पातळीपर्यंत तासून काढली. त्या मांसाला दुखण्याची जाणीव नसते, पण रक्त मात्र असं येतं की बघणाऱ्याला चक्कर यावी. उकंडरावांना आलीच.

"चांगलं मांस कापून राहिल्या बाई तुमी! दोन महिने जीव लावून भरवलं त्ये!"

"बाबा, हे मांस नाही, हे तिच्या कातडीच्या वाटेतला धोंडा आहे. खाली बसा, पाणी प्या आणि तोंड तिकडे करा."

खुरापासून वरच्या सांध्यापर्यंत कापूस, जाळीची पट्टी, त्यावर ताणाची पट्टी, असं मी घट्ट बांधलं. पण पाय वाकला की जखम ताणणार, ताणली की पुन्हा माजणार. पायाला मागून टेकू हवा होता. "पाण्याचा पीव्हीसी पाइप उभा चिरून मिळाला तर बघा, हातभर," असं सांगून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या उंबऱ्यावर पाइप ठेवलेला होता. बरोबर मधोमध चिरलेला, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या, आणि त्या कडांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलेली, म्हणजे घोडीला टोचू नये.

"कुणी केलं एवढं निगुतीनं?"

"बालाजीनं," पार्वतीबाई म्हणाली. "आत न्हाई आला. भाईरच ठिवून गेला. तो गोठ्यात येतच न्हाई, बाई. जुलैपासून त्यानं मैनेकडं पाह्यलं न्हाई."

जो माणूस घोडीला जत्रेत सोडायला निघालाय तो तिच्या पायाला टोचू नये म्हणून ट्यूब कशाला चिकटवेल? त्या वेळी विचार करायला मला फुरसत नव्हती. मी पाइप बांधला आणि दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला येईन, तोवर ती कुणी सोडायची नाही, असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी गेले तर पट्टी जागेवर होती, पण गाठ माझी नव्हती. उघडली, तर आत सगळं निळंशार. मोरचूद. द्राक्षं-डाळिंबावर फवारतात ते. जखमेची कड भाजून काळी पडली होती, आणि मी तीन आठवड्यांत जे मिळवणार होते ते तीन दिवसांत गेलं होतं.

माझा आवाज मुळातच मोठा आहे. त्या दिवशी तो मारुतीच्या देवळापर्यंत गेला असावा, कारण तिकडून माणसं बघायला आली. "कुणी टाकलं हे? कुणी सोडली पट्टी? सांगा, नाहीतर मी परत पाऊल टाकणार नाही!"

उकंडरावांनी गर्दीकडे पाहिलं. शेवटी गर्दीतून जळबा पुढे झाला. जळबा म्हणजे गावातला किराणा दुकानदार, भला माणूस, अंगानं चांगला भरलेला. "म्या टाकलं, बाई," तो म्हणाला. "आमच्या मामाच्या बैलाला यानंच आराम पडला व्हता."

"आणि हा चुना?" कडेला चुनाही होता, तो मला दिसला होता.

चुना दुसऱ्यानं लावला होता. बॅटरीचं पाणी घेऊन तिसरा आला होता, ते मात्र पार्वतीबाईनं ओतून दिलं होतं. हळूहळू सगळी हकिगत बाहेर आली. ही सगळी माणसं म्हणजे मैनेवर बसून मारुतीला गेलेले नवरदेव. गावातला तिशी-चाळिशीचा एकूण एक गडी. आपल्या लग्नातली घोडी आजारी पडली म्हणून एकेक जण भेटायला यायचा, रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून औषध घेऊन यायचा. आणि आलेल्या माणसाला उकंडराव पट्टी सोडून जखम दाखवायचे.

"कशाला सोडली पण? मी सांगितलं होतं ना?"

"मानूस इच्यारपूस कराया येतं, बाई," म्हातारा कळवळून म्हणाला. "त्याला बांधलेलं कसं दाखवावं? दाखवलं न्हाई तर त्याला वाटंल, हा आपल्याला परका समजून राहिला. आन् त्यानं आणलेलं औषध न्हाई लावलं तर त्याचा अपमान. आमी कुणाचा अपमान न्हाई केला आजपर्यंत."

मी कपाळावर हात मारून खाली बसले. या घोडीला माश्यांनी, चिखलानं किंवा माझ्या चुकीनं जेवढं मारलं नव्हतं तेवढं या गावाच्या मायेनं मारलं होतं. आणि त्यातल्या कुणाला शिवी द्यावी तेही कळेना. जळबाचे डोळे भरून आले होते.

पार्वतीबाई आत गेली आणि सुई-दोरा घेऊन आली. वाकळ, म्हणजे चिंध्यांची गोधडी, शिवायची ती मोठी सुई, दोऱ्याला मेण लावलेलं. "तुमी बांधा बाई," ती म्हणाली. मी पट्टी नव्यानं बांधली. मग तिनं पट्टीचं शेवटचं टोक धरलं आणि घोडीच्या पायावरच, पट्टीच्या कापडात, बारीक टाके घालत गेली. दोन ओळी, एक आडवी, एक तिरकी. तिच्या वाकळेवर असतात तसेच.

"हा टाका माह्या मायचा हाय. गावात दुसऱ्या कुणाला येत न्हाई," ती सगळ्यांकडे बघत म्हणाली. "हा उसवला की मला कळंल. आन् ज्यानं उसवला त्याच्या घरी म्या हळदी-कुंकवाला जानार न्हाई."

त्या दिवसापासून पट्टीला कुणी हात लावला नाही. भेटायला येणाऱ्यांना उकंडराव टाके दाखवायचे. माणसं टाके बघून मान हलवायची, चहा पिऊन जायची.

पट्ट्या धुण्याचं कामही पार्वतीबाईनं आपल्याकडे घेतलं. चुलीवर उकळायची, उन्हात वाळवायची. ताण गेलेल्या पट्ट्या मी फेकायला सांगायची, तर ती त्याही घडी घालून फडताळात ठेवायची. "चिंध्या वाया न्हाई घालवू. वाकळंत भरंल."

दसऱ्यापर्यंत मला आणखी दोनदा मांस तासावं लागलं, पण आता ते सपाट राहत होतं. गुलाबी, घट्ट, स्वच्छ. कातडीची कड मात्र हलायला तयार नव्हती. मोरचुदानं भाजलेली बाजू तर मेल्यासारखीच पडली होती. मी सरांना फोटो पाठवला. सरांचं उत्तर दोन शब्दांचं होतं: कातडी लाव.

हे मी कधीच केलं नव्हतं. मानेवर आयाळीखालची कातडी बधिर करायची, तिथून तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे तुकडे कापायचे, आणि जखमेच्या मांसात बारीक खाच पाडून त्यात एकेक तुकडा खोचायचा. रात्रंदिवस हेच डोक्यात. खाच खोल गेली तर? एकही तुकडा धरला नाही तर? जत्रेला दोन महिने उरले होते, आणि दुसऱ्यांदा करायला वेळ नव्हता.

उकंडरावांना समजावताना माझी दमछाक झाली. "मानंचं कातडं पायाला? आन् ते जगंल?" पार्वतीबाई शेजारी बसून ऐकत होती.

"किती अंतरावर लावायचं?" तिनं विचारलं.

"अर्ध्या बोटावर."

"म्हंजी मिरचीचं रोप लावायचं," ती म्हणाली. "वाफ्यातून उपटायचं, वावरात लावायचं. त्यात काय इच्यारता?"

एवढ्या दिवसांत मला जे सांगता आलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात उरकलं. लावणीच्या दिवशी ती माझ्याजवळ ताटली धरून बसली, त्यात मिठाच्या पाण्यात भिजलेले तुकडे. सरांनी बजावलं होतं की खालच्या ओळीपासून सुरू कर, म्हणजे वरचं रक्त ओघळून पुढची जागा झाकत नाही. मी खाच पाडायची, चिमट्यानं तुकडा आत सरकवायची, बोटानं दाबून धरायची. पार्वतीबाई मोजत होती. चौसष्ट. दोन तास लागले, माझी कंबर गेली. मैना गुंगीत मान खाली घालून उभी होती, आणि उकंडराव तिच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होते. देवाचं असेल किंवा घोडीशी बोलणं असेल.

"पाच दिवस सोडायचं नाही," मी म्हणाले.

"लावलेलं रोप धरलं का न्हाई म्हणून कुणी उपटून बघतं का?" पार्वतीबाई म्हणाली आणि सुई काढली.

पाचव्या दिवशी तिनं टाके उसवले. पट्टी निघाली, आणि तिच्याबरोबर काळपट साली निघून आल्या. एक, दोन, दहा, वीस. तुकड्यांची वरची कातडी गळून पट्टीला चिकटली होती. जखमेवर नुसते फिकट ठिपके राहिले होते, तेही असले तर.

उकंडरावांनी पट्टीवरच्या साली पाहिल्या. "गेलं सगळं," ते म्हणाले. "बालाजी खरं सांगत व्हता. म्याच हट्ट धरला." आणि त्या म्हाताऱ्या माणसानं टोपी काढून तोंडावर धरली.

सरांनी सांगितलं होतं की आधी वरची साल गळते, घाबरू नकोस. पण सांगणं वेगळं आणि हातात सालींनी भरलेली पट्टी धरणं वेगळं. मी खोटं बोलू शकले असते. "मला माहीत नाही, बाबा," मी म्हणाले. "धरलं असेल तर तीन आठवड्यांनी कळेल. पण मी सोडणार नाही."

पार्वतीबाई वाकून बघत होती. "रोप लावलं की पहिल्यांदा पानं टाकतंच," ती म्हणाली. "मूळ खाली असतं. बांधा बाई."

मी बांधलं. ती शिवत गेली. दिवाळी आली, गेली. दर चौथ्या दिवशी मी कापसाच्या गाड्यांमधून स्कूटर काढत बोरवाडीला जायची, धुवायची, बांधायची, ती शिवायची. गावातले नवरदेव आता आळीपाळीनं मैनेचा पाय धरायला यायचे. मीच त्यांना कामाला लावलं होतं. औषध आणायचं नाही, हात आणायचे. जळबा सगळ्यांत नीट पाय धरायचा.

बाविसाव्या दिवशी सकाळी मला जखमेवर काळे ठिपके दिसले. मला वाटलं घाण आहे. ओल्या कापसानं पुसले, गेले नाहीत. कातडीचा रंग होता तो, मैनेच्या काळ्या कातडीचा. मोजले तर एक्केचाळीस. पुढच्या आठवड्यात प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं आलं, कडी एकमेकांना भिडायला लागली, आणि इतके महिने हटून बसलेली कड पुढे सरकली. मी गोठ्यातच मोठ्यानं हसले. उकंडरावांनी माझ्या हातात गुळाचा खडा ठेवला, अर्धा मला, अर्धा मैनेला.

पण जत्रा जखमेसाठी थांबत नाही. मार्गशीर्षात जत्रेचा दिवस उजाडला तेव्हा वीतभर जखमेतली चिंचोक्याएवढी जागा अजून ओली होती.

मी सकाळीच गेले. दारात टेम्पो उभा होता. उकंडरावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, आणि मैनेचा लगाम स्वतःच्या हातानं धरून ते गोठ्यातून बाहेर येत होते. चेहरा असा की बघवेना.

"बाबा, हे काय? आठ-पंधरा दिवसांत पूर्ण बंद होईल!"

"जबान दिली व्हती, बाई. जत्रेपर्यंत भरली तर. न्हाई भरली."

"चिंचोक्याएवढी राहिलीय!"

"राह्यली ना?"

मी बालाजीकडे वळले. तो टेम्पोच्या फळीजवळ उभा होता, नजर दुसरीकडे. माझा संताप अनावर झाला. "बालाजी, तुम्ही तिला पाठवणार आहात ना? मग एकदा तरी बघा काय पाठवताय ते. पाच महिन्यांत एकदाही बघितलं नाही तुम्ही. आज बघितल्याशिवाय मी घोडीला हात लावू देणार नाही."

पार्वतीबाईनं कात्री आणली आणि टाके उसवले. मी थर काढत गेले. पाइप, पट्टी, कापूस, जाळी. मग बाजूला झाले.

 बालाजी आला आणि गुडघ्यावर बसला. जिथे हाड दिसत होतं तिथे आता राखाडी, सुरकुतलेली नवी कातडी होती, आणि तिच्यात जागोजाग मानेवरच्या तांबूस केसांचे बारीक झुपके उगवले होते, कुणी इकडे वळलेला, कुणी तिकडे. मधे तो एक ओला चिंचोका. त्यानं बोट पुढे केलं, पण टेकवलं नाही.

"हिथं हाड व्हतं," तो म्हणाला.

"व्हय," त्याची आई म्हणाली.

"बाबानं सांगतलं व्हतं, तारंला चिंध्या बांध. हातहातभर अंतरावर. जनावराला तार दिसत न्हाई, चिंधी दिसती म्हणून." तो माझ्याशी बोलत होता का घोडीशी, कळत नव्हतं. "म्या म्हणलं, बांधू उद्या. पेरणीची घाई व्हती. रोज म्हणलं उद्या. मंग बघवंचना मला. वाटलं, दिसंनाशी झाली तर बरं."

एवढं बोलून तो हुंदके देऊन रडायला लागला. पस्तिशीचा गडी, शेजारी टेम्पोवाला, दारात निम्मं गाव. मैनेनं मान वळवून त्याच्या खांद्याचा वास घेतला. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मीही रडत होते.

उकंडराव लगाम धरून तसेच उभे होते. ते जबानीला बांधलेले. सोडवणार कोण, तर ज्याला जबान दिली तोच. बालाजी उठला, बापाच्या हातातून लगाम घेतला, आणि मैनेला गोठ्याकडे वळवलं.

"बाबा, तुमची जबान म्या परत केली," तो म्हणाला. मग टेम्पोवाल्याकडे वळून, "तू जा गड्या."

संक्रांतीला तो चिंचोकाही बंद झाला. तिथे केस येणार नाहीत, आणि वरात लांबची असेल तर मैनेला काढायचं नाही असं मी सांगून ठेवलंय. मारुतीपर्यंत चालेल.

त्यानंतर चार दिवसांनी मी त्याच रस्त्यानं जात होते. वावरात तूर काढणीला आली होती, भोवती तीच तार, आणि तारेवर पांढऱ्या चिंध्या हलत होत्या. मी स्कूटर थांबवली. त्या चिंध्या मला ओळखू आल्या. माझ्याच पट्ट्या होत्या, उकळून, धुऊन, फडताळात ठेवलेल्या. काहींवर वाकळेच्या टाक्यांचे दोरे अजून लोंबत होते. बालाजी बांधाच्या त्या टोकाला उकिडवा बसून एकेक बांधत पुढे सरकत होता, हातहातभर अंतरावर.

मैना बांधावर मोकळी चरत होती. चरत चरत ती तारेकडे आली. बालाजीचे हात थांबले. हलणारी चिंधी बघून ती थबकली, कान पुढे केले, फुरफुरली, आणि वळून दुसरीकडे चरायला लागली.

बालाजी तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "एवढंच करायचं व्हतं, बाई. एवढंच."